ओल्या सावलीतली ब्राह्मी

चाळीच्या किंवा सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत जमिनीची एक अरुंद पट्टी असते. ऊन तेथे फारसे पोचत नाही आणि ओल हटत नाही. गवत टिकत नाही, गुलाब फुलत नाही. मग सभेत ठराव होतो की, तेथे सिमेंटचा कोबा करावा. कामगारांच्या वसाहतींतून हिंडण्यात आमचे आयुष्य गेले; असे कोबे आम्ही पुष्कळ पाहिले. कोबा झाला म्हणजे पावसाचे पाणी मुरायचे थांबते आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्याशी येते. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ओल्या सावलीत जी वनस्पती मुळातच सुखाने नांदते, ती तेथे लावावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

अशी वनस्पती आपल्याच भूमीत आहे. तिला कारिवणा म्हणतात. वैद्यांची ती मंडूकपर्णी आणि बाजारातली ब्राह्मी. ओढ्याकाठी, झाडांच्या विरळ सावलीत, भातखाचरांच्या बांधांवर ती पसरते. कूळ कोथिंबिरीचे व ओव्याचे. लिनीयसने १७५३ साली तिची शास्त्रीय नोंद केली.

नावाचा घोटाळा मात्र आधी सोडविला पाहिजे. नीरब्राह्मी ही निराळी. तिची पाने बारीक, जाडसर आणि देठाविना असतात. कारिवण्याचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बोथट दाते असलेले, आणि त्याचा लांब देठ पानाच्या खाचेत जोडलेला असतो. रोपवाटिकेत गोल पानांचे एक शोभेचे परदेशी रोपही मिळते. त्याचा देठ छत्रीच्या दांड्याप्रमाणे पानाच्या मध्यभागी असतो. ते घेऊ नये.

कारिवणा जमिनीवर पसरतो कसा? त्याचे धुमारे जमिनीला धरून सरपटतात आणि ज्या पेरापाशी ओली माती लागते तेथे मुळे सोडतात. मूळ धरलेले पेर तोडून वेगळे केले तरी ते स्वतंत्र जगते. म्हणून बी पेरण्याची यातायात नको. शेजाऱ्याकडून मूठभर पेरे आणली तरी पुरे.

लागवड पहिल्या पावसानंतर करावी. वीतभर खोल खणून विटांचे तुकडे व चुना काढून टाकावा. तीन वाटे माती आणि एक वाटा कुजलेले खत मिसळावे. पेरे एकेका वितीवर लावावीत. पहिले दोन महिने तण हातांनी उपटावे. पुढे पाने दाट झाली की तणाला फारशी जागा उरत नाही. सकाळचे कोवळे ऊन मिळाले तर उत्तम. अगदी काळोखात देठ लांबतात आणि आच्छादन विरळ होते. उन्हाळ्यात रोज पाणी हवे. पायवाट असेल तेथे फरशा टाकाव्यात, कारण रोजची तुडवातुडव ही वनस्पती सोसत नाही. पावसाळ्यात गोगलगायी संध्याकाळी वेचून काढाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. ओल गळक्या मैल्याच्या नळाची असेल, तर आधी नळ दुरुस्त करून घ्या. मागणी लावून धरा. रोप लावणे ही नळाची दुरुस्ती नव्हे. आणि जेथे सांडपाणी मुरते, जुना रंग खरवडून टाकलेला आहे किंवा बॅटऱ्यांची मोडतोड पडलेली असते, तेथील पाला चटणीला वापरू नये. मातीतले शिसे पानांत उतरू शकते आणि पाने धुतल्याने ते जात नाही. अशा जागी कारिवणा केवळ जमीन झाकण्यापुरता ठेवावा. खाण्यासाठी चांगल्या मातीची वेगळी कुंडी करावी. शिवाय, ब्राह्मी खाऊन मूल परीक्षेत पहिले येते, या समजुतीवर कोणी विसंबू नये. औषध म्हणून घेणे असेल तर जाणत्या वैद्याला विचारूनच घ्यावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कोबा एकदा घातला की विसरता येतो. हिरव्या पट्टीला मात्र पाण्याची पाळी लावावी लागते. प्रत्येक बिऱ्हाडाने आठवड्यातून एक दिवस घेतला तरी काम भागते. अडचण येते ती मे महिन्यात, निम्मी बिऱ्हाडे गावी गेली म्हणजे. तेव्हा मे महिन्याची पाळी कोणाची, हे लागवड करण्यापूर्वीच सभेत ठरवून घ्यावे.