खारजमिनीतला भात : निवड कशावरून करायची?
डोलवीजवळच्या धरमतर खाडीकाठी खारजमिनीत भाताला क्षार सोसावे लागतात.

• संकर : क्षार सोसणारा स्थानिक ‘भुरा राता ४-१०’ आणि बुटका, भरघोस पिकणारा ‘आयआर ८’ यांच्या संकरातून ‘पनवेल १’ ही जात आली.

• आनुवंशिकता : शेतात दिसणाऱ्या एकूण फरकातला जनुकांचा वाटा. एकूण विचरण (फरकाचे माप) ५० आणि त्यातले जनुकीय ४० असेल, तर आनुवंशिकता ८० टक्के.

• निवड : हजार दाण्यांचे वजन आणि फुलोऱ्याचे दिवस यांची आनुवंशिकता सहसा जास्त, म्हणून निवड भरवशाची. फुटवे आणि उत्पादन यांवर जमीन-पाण्याचा प्रभाव मोठा. त्यांची पारख अनेक हंगामांत, अनेक ठिकाणी करावी.

• बी जपा : विविधताच संपली, तर निवडायला काही उरणार नाही. जुन्या वाणांचे बी राखलेच पाहिजे.