क्रिप्टोवर बंदी येणार का? कायदा काय सांगतो आणि गावातल्या माणसाचा पैसा नेमका कुठं अडकतो

बजेट जवळ आलं की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘सरकार क्रिप्टो बंद करणार, आजच पैसे काढून घ्या.’ चार दिवस जात नाहीत तोच दुसरा मेसेज येतो. ‘सरकारनं मान्यता दिली, आता भाव दुप्पट होणार.’ पहिला मेसेज वाचून कुणी तोट्यात विकतो, दुसरा वाचून कुणी उसाच्या बिलातले पन्नास हजार अॅपमध्ये टाकतो. दोन्ही मेसेज चुकीचे आहेत. भारतात आजघडीला बिटकॉइन किंवा दुसरं कुठलंही क्रिप्टो विकत घेणं, ठेवणं, विकणं हा गुन्हा नाही. पण ते चलनही नाही. दुकानदारानं ते घ्यायलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि ते बुडालं तर भरून देणारं सरकारी खातंही नाही.

मग सरकारच्या नियमांमुळं क्रिप्टोचं भविष्य धोक्यात आहे का? याचं उत्तर समजायला आधी हे नाणं राहतं कुठं, ते बघावं लागेल.

वही एक नाही, हजारो आहेत

बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. सातोशी नाकामोतो या नावानं कुणीतरी त्याची कल्पना मांडली होती, तो माणूस कोण हे आजवर उघड झालेलं नाही. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधीच तयार होणार नाहीत, असा नियम त्याच्या प्रोग्राममध्येच आहे.

गावातल्या जमिनीची नोंद जशी तलाठ्याकडं असते, तशी इथं कोणाकडं किती नाणी याची नोंद असते. फरक एवढाच की ही वही एका दप्तरात नाही. जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर तिच्या सारख्याच प्रती आहेत आणि नवी नोंद झाली की सगळीकडं होते. एका देशानं आपल्याकडचे कॉम्प्युटर जप्त केले तरी बाकीच्या प्रती चालूच राहतात.

चीननं हे करून बघितलं. बिटकॉइन तयार करण्याचं, म्हणजे ज्याला मायनिंग म्हणतात ते, एकेकाळी जगातलं निम्म्याहून जास्त काम चीनमध्ये चालायचं. २०२१ च्या मे-जूनमध्ये तिथल्या सरकारनं मायनिंगवर बडगा उगारला आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी क्रिप्टोचे सगळेच व्यवहार बेकायदा ठरवले. मशिनी ट्रकात आणि जहाजात भरून अमेरिका, कझाकस्तानकडं गेल्या. काही आठवडे नेटवर्क मंदावलं, भावही आपटला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिटकॉइननं ६० हजार डॉलरच्या वरचा, तोवरचा सर्वात मोठा भाव गाठला. एवढ्या मोठ्या देशाच्या बंदीनं जे मेलं नाही, ते दिल्लीतल्या एका कायद्यानं मरेल असं मानायला आधार नाही.

मात्र इथं एक गोष्ट सुटते. नाणं जिवंत राहिलं म्हणजे ते ठेवणाऱ्याचा पैसा सुरक्षित राहिला, असं होत नाही. पाणी धरणात कितीही असो, शेतात यायचं तर चारीचं गेट उघडावं लागतं. क्रिप्टो आणि रुपया यांच्यामधलं गेट म्हणजे बँक, यूपीआय आणि एक्स्चेंजचं अॅप. त्या गेटची चावी सरकारकडं आहे.

गेट बंद झालं, मग कोर्टानं उघडलं

रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ रोजी एक परिपत्रक काढलं. क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना किंवा व्यक्तींना बँकांनी सेवा देऊ नये, असा त्याचा मतितार्थ. क्रिप्टोवर बंदी नव्हती, फक्त गेट बंद केलं होतं. तेवढ्यानंच अनेक एक्स्चेंज बंद पडली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ४ मार्च २०२० रोजी कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला असे अधिकार आहेत, पण बँकांचं काय नुकसान झालं हे दाखवल्याशिवाय इतका टोकाचा उपाय बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

दरम्यान २०१९ मध्ये एका सरकारी समितीनं खासगी क्रिप्टोवर पूर्ण बंदी सुचवली होती. तिच्या मसुद्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२१ मध्ये संसदेच्या कामकाजाच्या यादीत विधेयक आलंही, पण ते मांडलंच गेलं नाही. रिझर्व्ह बँकेचा विरोध मात्र कायम राहिला. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी तर या नाण्यांमागं ट्युलिपच्या फुलाइतकंही मोल नाही, अशा अर्थाचं विधान केलं होतं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जुलै २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं की रिझर्व्ह बँकेला बंदी हवी आहे, पण हा प्रकार देशाच्या सीमा मानत नाही, त्यामुळं बाकीच्या देशांची साथ असल्याशिवाय असा कायदा परिणामकारक होणार नाही.

बाकीचे देश तोवर दुसऱ्याच वाटेनं निघाले होते. अमेरिकेनं जानेवारी २०२४ मध्ये बिटकॉइनशी जोडलेल्या फंडांना शेअर बाजारात परवानगी दिली. युरोपीय संघाचा क्रिप्टोसाठीचा स्वतंत्र कायदा डिसेंबर २०२४ अखेर पूर्णपणे लागू झाला. म्हणजे बंदीपेक्षा परवाना आणि देखरेख, असा कल आहे. भारतानं यापैकी काहीच पुरतं केलं नाही. आपल्याकडं बंदी नाही, परवानाही नाही. आहे तो टॅक्स.

खरा चिमटा टॅक्सचा

१ फेब्रुवारी २०२२ च्या बजेटमध्ये ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असा नवा शब्द आला. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स आणि त्यावर ४ टक्के सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. टॅक्स लावला म्हणजे मान्यता दिली, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. टॅक्स उत्पन्नावर लागतो, त्यातून वस्तूला सरकारी शिक्का मिळत नाही.

यातला सगळ्यात जाचक नियम तोट्याचा आहे, आणि तोच लोकांना माहीत नसतो. समजा एखाद्या शेतकऱ्यानं एक नाणं ५० हजाराला घेऊन ९० हजाराला विकलं. नफा ४० हजार. त्याच वर्षी दुसरं नाणं ६० हजाराला घेतलं आणि २० हजाराला विकून सुटका करून घेतली. तोटा ४० हजार. घरातला हिशेब सांगतो, वर्षाअखेर हातात काहीच राहिलं नाही. टॅक्सचा हिशेब वेगळा आहे. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. त्यामुळं ४० हजाराच्या नफ्यावर १२ हजार टॅक्स आणि ४८० रुपये सेस, असे १२,४८० रुपये भरावे लागतात. दोन्ही विक्रींवर मिळून १,१०० रुपये टीडीएस कापला गेला असेल तर तो यातून वजा होईल. उरलेले ११,३८० खिशातून. कांद्यात किंवा टोमॅटोत भाव पडला तर निदान तोट्यावर टॅक्स नसतो!

दुसरी गोष्ट खास शेतकरी कुटुंबांसाठी. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळं गावात अनेकांनी आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही. क्रिप्टोचा नफा शेतीच्या उत्पन्नात धरला जात नाही, आणि करमुक्त उत्पन्नाची जी मर्यादा असते तीही या नफ्याला लागू होत नाही. अॅपवर पॅन आणि आधार दिलेलं असतं, टीडीएस कापला की तो त्या पॅनवर दिसतो. पोरानं वडिलांच्या पॅनवर खातं उघडलं असेल तर नोटीस वडिलांच्या नावानं येते. उलट बाजूनं, ज्याला नुसता तोटाच झाला त्याचा कापलेला टीडीएस रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही.

या टॅक्सचा परिणाम सरकारला नको होता तोच झाला. रोज खरेदी-विक्री करणारे बरेच लोक भारतीय एक्स्चेंज सोडून परदेशी अॅपवर गेले. मग ७ मार्च २०२३ रोजी सरकारनं क्रिप्टो कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. ग्राहकाची ओळख तपासायची, संशयास्पद व्यवहार कळवायचे आणि केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडं नोंदणी करायची, असं बंधन आलं. ज्यांनी नोंदणी केली नाही अशा नऊ परदेशी कंपन्यांना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची अॅप भारतात बंद झाली. त्यातल्या बायनान्स या जगातल्या सर्वात मोठ्या एक्स्चेंजनं नंतर नोंदणी केली, आणि जून २०२४ मध्ये तिला १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. नियमांचा धोका असतो तो असा. नाणं शाबूत असतं, पण अॅप एका रात्रीत उघडेनासं होतं.

ही नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी नाही. काळा पैसा फिरू नये म्हणून ती आहे. शेअर बाजारात गुंतवणूकदाराच्या पाठीशी सेबी असते, तसं क्रिप्टोला कुणी नाही.

नियम कमी पडले तिथं काय झालं

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी हॅकरनी पळवली. ग्राहकांचे पैसे काढणं थांबलं. कंपनीची पुनर्रचना सिंगापूरच्या कोर्टात गेली आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. सव्वा वर्ष लोक मोबाईलवर आकडे बघत बसले. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथं तसा विमा नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये मद्रास हायकोर्टानं या एक्स्चेंजच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती धारण करता येते, असं म्हटलं. ग्राहकाच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. मालमत्ता म्हटल्यावर तिच्यावर हक्क सांगता येतो.

महाराष्ट्राला याहून जुना चटका बसलेला आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत बिटकॉइन गुंतवा, १८ महिने दर महिन्याला १० टक्के परतावा घ्या, असं आमिष होतं. साखळी पद्धतीनं माणसं जोडली गेली. सुरुवातीला काहींना परतावा मिळाला, तो बघून पाव्हणेरावळे आत आले. नंतर बिटकॉइनऐवजी योजनेचंच एक कमी किमतीचं नाणं लोकांच्या गळ्यात मारलं गेलं. सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली, २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास पुढं सीबीआयकडं गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये छापे पडले त्या ठिकाणांत पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होतं. इथं बिटकॉइनमध्ये खोट नव्हती. दरमहा ठरलेल्या परताव्याच्या आश्वासनात होती. बिटकॉइनचा भाव रोज वरखाली होतो, मग महिन्याला ठरलेले १० टक्के देणार कुठून, हा प्रश्न एकानं विचारला असता तरी पुष्कळ होतं.

सध्या गावाकडच्या पोरांमध्ये वेगळाच प्रकार दिसतो. टेलिग्रामवरून डॉलरच्या भावाला बांधलेलं यूएसडीटी हे नाणं घ्यायचं आणि अनोळखी माणसाला यूपीआयवर दोन-तीन रुपये जास्त घेऊन विकायचं. कमाई सोपी वाटते. पण समोरून आलेला पैसा कुणाच्या तरी सायबर फसवणुकीतला असला, तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँक खातं गोठवते. त्याच खात्यात पीकविमा, पीएम किसान आणि दुधाचं पेमेंट येत असतं, तेही अडकतं. खातं सोडवायला तिकडच्या पोलीस ठाण्यापर्यंत हेलपाटे पडतात. आपलं खातं कमिशनवर दुसऱ्याला वापरायला देणाऱ्यावर तर थेट गुन्हा दाखल होऊ शकतो.

ई-रुपया म्हणजे क्रिप्टो नव्हे

रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. तो नोटेचाच मोबाईलमधला अवतार आहे. शंभराचे शंभरच राहतात, भाव वाढत नाही. ‘सरकारचं नवं कॉइन आलंय, आधी घेणाऱ्याला फायदा’ असं कुणी सांगत असेल तर तो फसवतोय.

ज्यांनी आधीच क्रिप्टो घेतलेलं आहे, त्यांनी प्रत्येक खरेदी-विक्रीचा रिपोर्ट अॅपमधून आत्ताच डाउनलोड करून ठेवावा. अॅप बंद पडल्यावर तो मिळत नाही, आणि खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर टॅक्सचा हिशेब अंगावर येतो. रिटर्नमध्ये आभासी मालमत्तेसाठी वेगळा तक्ता असतो, तो भरून घ्यायला सीए किंवा टॅक्स सल्लागाराला सांगावं. फसवणूक झाली असेल तर १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. नाणी एकदा हॅकरच्या वॉलेटमध्ये गेली की ती उलटी फिरवणारं बटण कुठल्याच सरकारकडं नाही.