पाण्याचे चार ठिपके

इंजेक्शनाचें साधें पेनिसिलिन लहानशा बाटलींत कोरड्या पांढऱ्या भुकटीच्या रूपानें येतें आणि डॉक्टर त्यांत ऐनवेळीं पाणी घालतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पुण्याजवळ पिंपरी येथें सरकारनें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन केला व दुसऱ्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. तें आधींच पाण्यांत कालवून ठेवलें तर काय बिघडेल? उत्तरासाठीं कागद व पेन्सिल जवळ घ्यावी. नभोवाणीवरून आकृति दाखवितां येत नाहीं. मी सांगतों, आपण काढावी.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युइस यांनीं १९१६ सालीं असें मांडलें कीं, दोन अणु इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामायिक ठेवून एकमेकांस धरून राहतात. हाच सहसंयुज बंध. आकृतींत अणूच्या फक्त सर्वांत बाहेरच्या थरांतील इलेक्ट्रॉन ठिपक्यांनीं दाखवावयाचे. हायड्रोजनपाशीं दोन आणि कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्यापाशीं आठ ठिपके भरले कीं हिशेब जुळला.

प्रथम पाण्याचा रेणु काढूं. मध्यें ऑक्सिजनचा ‘ओ’ लिहून भोंवतीं सहा ठिपके द्या: वर दोन, खालीं दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही बाजूंस हायड्रोजनचा ‘एच’ लिहा आणि त्याचा एकुलता एक ठिपका ऑक्सिजनच्या एकट्या ठिपक्यालगत ठेवा. आतां मोजा. प्रत्येक हायड्रोजनपाशीं दोन झाले, ऑक्सिजनपाशीं आठ. दोन वाड्यांमधील सामायिक विहीर जशी दोघांच्याही दप्तरांत लागते, तशी ही जोडी दोघांच्याही हिशेबांत धरतात. विद्यार्थी बहुधा पुढेंच चुकतात. बंध जुळले कीं वरखालचे चार ठिपके निरुपयोगी समजून पुसून टाकतात. ते पुसूं नयेत. पुढील सारी गोष्ट त्यांचीच आहे.

पेनिसिलिनच्या रेणूंत तीन कार्बन व एक नायट्रोजन यांचें चौकोनी कडें आहे. डोरोथी हॉजकिन यांनीं तें १९४५ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें निश्चित केलें. त्यांतील एका कार्बनाला एक ऑक्सिजन दुहेरी बंधानें, म्हणजे चार ठिपक्यांनीं, जोडलेला असतो. ठिपके मोजले तर सर्व यथास्थित आहे. परंतु कार्बनाच्या बंधांना एरव्हीं १०९ ते १२० अंशांचा कोन मानवतो. येथें त्यांना सुमारें ९० अंशांत वांकून राहावें लागतें. हा ताण ठिपक्यांत मुळींच उमटत नाहीं. या चित्रपद्धतीचें हें मोठेंच वैगुण्य म्हटलें पाहिजे.

शिवाय तो दुहेरी बंधाचा ऑक्सिजन सामायिक इलेक्ट्रॉन आपल्याकडे अधिक ओढतो, त्यामुळें शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. अशा वेळीं पाण्यांतील ऑक्सिजन आपली मोकळी जोडी त्याला देऊं करतो. कार्बन व नायट्रोजन यांमधील बंध तुटतो, ताणलेलें कडें उघडतें आणि औषध हळूहळू निकामी होतें. म्हणून ती भुकटी कोरडी ठेवावयाची.

मग हें दुबळें कडें हवें कशाला? जंतूची भिंत विणणारें एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतें. त्याच्यावरील ऑक्सिजनही आपली मोकळी जोडी घेऊन याच कार्बनाला भिडतो. कडें उघडतें, पण येथें नवा सहसंयुज बंध जुळून विकर अडकून पडतें. भिंत अपुरी राहते आणि जंतु फुटतो. कडें भक्कम असतें, तर हें घडलें नसतें. कांहीं जंतु मात्र असें दुसरें विकर बनवितात कीं, तें पाण्याकरवींच कडें झटपट फोडून घेतें. आपण काढलेले वरखालचे ठिपके तेथें जंतूच्या कामीं येतात.