बार्ज भाड्याने घेताना

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात बार्जचा विषय काढला तर लोक थट्टा समजतील. नांदेडला गोदावरी आहे. पण तिच्या पाण्यावर दिसतात ते वाळू उपसणारे तराफे. महसूलचं पथक येतं, तराफे जाळतं आणि थोड्याच दिवसांत नवे तराफे पाण्यात उतरतात. तरीही हा लेख इथल्याच वाचकासाठी आहे. आपल्याकडचे अभियंते आणि उपठेकेदार कामासाठी मुंबईच्या किनाऱ्याला जातात. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं आहे. शिवाय विष्णुपुरी, इसापूर, येलदरी अशा जलाशयांतही पाण्यावर उभं राहूनच करावी लागणारी कामं निघतात.

बार्ज म्हणजे सपाट तळाची, चौकोनी, लोखंडी, तरंगती जागा. बहुतेक बार्जना स्वतःचं इंजिन नसतं, त्यांना टग ओढून नेतो. त्याच डेकवर आज क्रेन चढते, उद्या पायलिंगची रिग, पुढच्या महिन्यात पाइप नाहीतर दगड. एका जागी थांबायचं तर चार कोपऱ्यांतून नांगर टाकून विंचने दोर ताणतात. उथळ पाण्यात ‘स्पड’ नावाचे उभे खांब तळात रोवतात.

या साधनाची ताकद वरळीजवळ दिसली. कोस्टल रोड वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडण्यासाठी १३६ मीटर लांब, सुमारे २,००० टन वजनाची तुळई न्हाव्याहून बार्जवर आली आणि २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे जागेवर बसली. १५ मे रोजी दुसरी बसली. ती १४३ मीटर लांब, सुमारे २,५०० टनांची. वेळ कंत्राटदाराच्या सोयीने नव्हे, भरती-ओहोटी पाहून ठरली होती. समुद्र स्वतः वर-खाली होतो, त्याचा उपयोग करून घेणं ही या कामातली खरी कारागिरी. ओहोटी चुकली की पुढच्या भरतीची वाट पाहायची, आणि भाड्याचं मीटर चालूच.

बार्ज किती वजन पेलेल, याचा ढोबळ हिशेब कुणालाही जमतो. ४० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद चौकोनी बार्ज एक मीटर खोल बुडाला की ६४० घनमीटर पाणी बाजूला सारतो. समुद्रात त्याचे ६५६ टन होतात, गोदावरीत ६४०. कारण खारं पाणी जड असतं. म्हणजे समुद्रात काठोकाठ भरलेला बार्ज गोड्या पाण्यात आणला की जास्त बुडतो. पण पेलण्याची एकूण क्षमता आणि डेकची ताकद या वेगळ्या गोष्टी. क्रेनचं सगळं वजन पट्ट्यांखालच्या चिंचोळ्या जागेवर येतं. त्यामुळे दर चौरस मीटरला किती टन चालतात, हे कागदावर घ्यावंच.

धरणात असला मोठा बार्ज न्यायचा कसा? तिथे सुटे पोंटून कामाला येतात. ट्रेलरवरून पेट्या आणायच्या, क्रेनने पाण्यात सोडायच्या, पिनांनी एकमेकींना जोडायच्या. तळाची माती तपासायला बोअर घेणं, जॅकवेलजवळची दुरुस्ती, पाइप टाकणं एवढ्याला ते पुरेसे होतात. जलसंपदा विभागाची परवानगी मात्र आधी घ्यावी लागते.

आता भाडं. आपल्याकडे पहिला प्रश्न ‘रोजचा रेट काय?’ हाच असतो, आणि माझ्या मते तो शेवटचा असावा. बार्ज कामाच्या जागी आणायचा आणि परत न्यायचा खर्च वेगळा असतो. टग कोणाचा, डिझेल कोणाचं, खलाशी मालकाचे की आपले, विमा कोण काढणार, हे ठरल्याशिवाय रेटला अर्थ नाही. ‘बेअरबोट’ करारात नुसता बार्ज मिळतो. माणसं आणि जबाबदारी भाड्याने घेणाऱ्याची. ताब्यात घेताना आणि परत देताना तटस्थ सर्वेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी, नाहीतर जुना पोचाही आपल्याच बिलात येतो.

यांतलं सगळ्यांत महागडं कलम हवामानाचं. लाटा उंच असल्या की काम बंद. त्या दिवसांचं भाडं कोणी द्यायचं? पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात उघड्या समुद्रातली बरीच कामं थांबतात, म्हणून करार मे महिन्यात येऊन थबकतो. तेव्हा आणखी दोन दिवस काढून घेऊ, असा मोह होतो. त्या मोहाची किंमत काय होऊ शकते, हे १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात दिसलं. मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्राच्या कामावर असलेला ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ आणि इतर जहाजांनी त्यांतली १८६ वाचवली. स्वतःचं इंजिन नसलेली वस्तू नांगर सुटल्यावर पळून जाऊ शकत नाही. ती आधीच हलवावी लागते, आणि त्यासाठी टग हाताशी लागतो.

म्हणून कोणी नांदेड-लातूरहून असं काम घेत असेल, तर सही करण्याआधी तीन उत्तरं लेखी मागा: वादळाचा इशारा आला तर काम थांबवण्याचा शब्द कोणाचा, बार्ज आसऱ्याला नेणारा टग किती तासांत पोचणार, आणि त्या दिवसांचं भाडं कोणाच्या खात्यावर.