उचललेली थार, रुतलेली थार

बसवनगुडीच्या गांधी बझारपासून जे. सी. रोड काही लांब नाही. मिनर्व्हा सर्कल ओलांडले की टाउन हॉलच्या दिशेने गाड्यांच्या सुट्या भागांची आणि ॲक्सेसरीजची दुकाने लागतात. महिंद्राच्या नव्या थारच्या बोनेटवरचा शोरूमचा हार वाळण्याआधीच ती इथे येऊन उभी असते. दुसरीकडे कनकपुरा रोड याच वस्तीतून दक्षिणेला निघतो आणि बघता बघता गाडीला कातळाच्या, ओढ्यांच्या मुलखात नेऊन सोडतो. खरेदी एका टोकाला, परीक्षा दुसऱ्या टोकाला. आणि परीक्षेत नापास झालेल्या गाड्यांत सजलेल्या गाड्यांची संख्या कमी नसते.

दुकानदार काही खोटा माल विकत नाही. लिफ्ट किट, मड टायर, स्नॉर्केल, विंच या सगळ्यांचा उपयोग आहे. फक्त कोणता भाग कोणत्या अडचणीवरचा इलाज आहे हे विकणारा आपणहून सांगत नाही आणि घेणाराही सहसा विचारत नाही. त्यातून ठरावीक समजुती पसरतात, आणि त्या कानोकान इतक्या पक्क्या झाल्या आहेत की नवा मालक गाडीचे मॅन्युअल उघडण्याआधीच त्या पाठ करून बसलेला असतो.

सगळ्यात लाडकी समजूत ही, की दोन इंच लिफ्ट घातली म्हणजे गाडीखाली दोन इंच जास्त जागा मिळते. जिम्नीखाली वाकून एकदा बघा. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे आणि त्या ॲक्सलवर डिफरन्शियलचा गोल फुगवटा आहे. जमिनीला सगळ्यात जवळ असतो तो हाच, आणि दोन चाकांच्या मधल्या उंचवट्यावरचा दगड आधी यालाच लागतो. लिफ्ट किट म्हणजे लांब स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप. त्यांनी चासी आणि बॉडी वर उचलली जाते, ॲक्सल चाकांबरोबर जिथल्या तिथेच राहतो. म्हणजे कंपनीने सांगितलेला २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स लिफ्टने वाढतच नाही. वाढतात ते कोन: चढाला भिडताना बंपर घासत नाही, उंचवट्यावर पोट टेकत नाही. हा फायदा खराच आहे, पण ‘खाली जागा वाढली’ असे समजून दगडावर चाल करणाऱ्याला ॲक्सल त्याची जागा दाखवतो.

थारचे गणित थोडे वेगळे. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारला मागे अखंड ॲक्सल असला तरी पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत आणि पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले आहे. तिथे लिफ्टने ते खरोखर वर जाते. मात्र ते वर गेले आणि चाके खालीच राहिली, की दोघांना जोडणारा शाफ्ट तिरपा होतो. त्याच्या टोकाचा सांधा कायम वाकलेल्या अवस्थेत फिरत राहतो, त्यावरचा रबरी बूट चिरतो, आतले ग्रीस बाहेर आणि माती आत. लिफ्ट केलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले की हा प्रकार सुरू झाला म्हणून समजावे. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. सरळ रस्त्यावर ते कळत नाही; घाटाच्या वळणावर आणि आडव्या उतारावर कळते. वर टपावर कॅरियर, तंबू आणि जेरीकॅन चढवले असतील तर अधिकच.

ॲक्सल खरोखर उंच करायचा तर एकच मार्ग, मोठा टायर. इथेही अपेक्षा आणि आकडे यांत अंतर आहे. थारच्या टायरवर २५५/६५ आर १८ असे लिहिलेले असते. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १८ इंच ही रिम. हिशेब केला तर टायरचा व्यास ७८९ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याऐवजी २५५/७० घातला तर ८१४. व्यास २५ मिलिमीटरने वाढला, पण ॲक्सल त्याच्या निम्म्यानेच वर जातो. एवढा खर्च करून हाती लागला जेमतेम अर्धा इंच! बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ ने पळत असते, गिअर जरा लांब झाल्याने चढाला जोर कमी पडतो आणि ब्रेकला जास्त जड चाक थांबवावे लागते.

टायरबद्दलची दुसरी समजूत त्याच्या नक्षीची. मोठ्या खाचांचे मड टायर चिखलात उत्तम. चिखल खाचांत धरतात आणि फिरताना फेकून देतात. पण बेंगळुरूतल्या बहुतेक मालकांचे वर्षातले जवळजवळ सगळे किलोमीटर डांबरावर जातात, आणि ओल्या डांबरावर हाच टायर कमी पकडतो, कारण रस्त्याला टेकणारे रबरच कमी असते. वर घोंघावतो, पेट्रोल-डिझेल जास्त पितो. ऑल-टेरेन टायर हा या शहरातल्या माणसासाठी शहाणपणाचा सौदा आहे, फोटोत तो तितका रांगडा दिसत नसला तरी.

आणि कुठलाही टायर असो, त्यातली हवा कमी करणे हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. सकलेशपूरच्या बाजूला पावसाळ्यात लाल मातीचा जो रबरबाट होतो, तिथे ३२-३३ पीएसआयवर जागच्या जागी फिरणारी गाडी १८-२० वर आणली की बऱ्याचदा कुणाच्या मदतीशिवाय बाहेर निघते. वाळूत उंटाचा पाय पसरतो तसा टायर पसरतो, मुख्यतः लांबीच्या दिशेने, आणि गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते. व्हॉल्व्हच्या पिनेवर किल्ली टेकवून फुस्स करत दोन-तीन मिनिटे बसायचे, मधे मधे गेजने मोजायचे, चारही चाके सारखी करायची. खर्च एका गेजचा. याला मर्यादाही आहेत. १५ च्या खाली गेले की टायर वळणावर रिमवरून निसटू शकतो. आणि कनकपुरा-रामनगरच्या धारदार कातळावर फार मऊ टायरची बाहेर फुगलेली भिंत चिरण्याचा धोका असतो, तिथे हात जरा आखडता घ्यावा.

‘फोर बाय फोर आहे, चारही चाके ओढतात’ हे वाक्य प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येते, पण ते अर्धेच खरे. साध्या डिफरन्शियलचे काम वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे. ते दोन्हीकडे सारखाच जोर देते, आणि तो जोर किती हे ठरते कमी पकड असलेल्या चाकावरून. एक चाक हवेत लटकले की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून त्याच्या जोडीदारालाही काहीच मिळत नाही. पुढचे एक आणि मागचे एक अशी तिरपी समोरासमोरची चाके अधांतरी गेली, की फोर बाय फोर गाडी जागेवर दोन चाके फिरवत बसते. यावर उपाय डिफरन्शियल लॉकचा किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडे ढकलणाऱ्या यंत्रणेचा. ‘गुरखा’ या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक कंपनीतूनच मिळते, थारच्या वरच्या प्रकारांत मागे आपोआप लागणारे मेकॅनिकल लॉक आहे, जिम्नी ब्रेकच्या युक्तीवर चालते. आपल्या गाडीत यातले काय आहे हे माहीत नसताना लिफ्टचे पैसे मोजणारे लोक मी पुष्कळ पाहिले. याउलट कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये, म्हणजे दोन्ही ॲक्सल जोडून, मिरवणारेही असतात. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसते. वळताना दोन्हींना वेगळे अंतर कापायचे असते आणि ते जमत नाही म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो.

आता स्नॉर्केल. त्याने गाडी पाणबुडी होत नाही. इंजिनाची हवा घेण्याची जागा छतापर्यंत वर जाते, एवढेच. पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्केल हा धोका कमी करते, तेही एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद असेल तर. अल्टरनेटर, वायरिंग, क्लच हे सगळे जिथे होते तिथेच बुडते. ॲक्सलचा ब्रीदर मात्र सगळे विसरतात. गरम झालेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या नळीतून पाणी ओढून घेते. पुढच्या सर्व्हिसला तेल काढल्यावर ते दुधट निघते, तेव्हा कारण लक्षात येते. ती नळी वर नेऊन बांधणे हे स्नॉर्केलच्या मानाने फुकटचे काम आहे. स्नॉर्केलचा खरा रोजचा फायदा तर पाण्यात नाहीच, तो धुळीत आहे.

कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याची खोली सांगते, गुरखासाठी ७००. हा आकडा संथ पाण्याचा आहे, तळ माहीत असलेल्या पाण्याचा. वाहत्या पाण्यात दोन फूट, म्हणजे जवळपास ६०० मिलिमीटर, एसयूव्ही वाहून न्यायला पुरे असतात, कारण बंद दाराची गाडी तरंगू लागते आणि टायर जमीन सोडतात. बसवनगुडीपासून थोड्याच अंतरावर, के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये, २१ मे २०२३ ला अवकाळी पावसाच्या पाण्यात गाडी अडकून एका तरुणीचा जीव गेला. जंगलातला ओढा सोडाच, शहरातल्या खड्ड्यातही खोलीचा अंदाज काचेआडून येत नाही. उतरून, काठीने चाचपून, मगच.

या बाबतीत गोव्यातल्या कुळेचे जीपवाले पाहण्यासारखे आहेत. पावसाळा संपला की ते पर्यटकांना भगवान महावीर अभयारण्यातून दूधसागरच्या पायथ्याशी नेतात, वाटेत ओढे ओलांडतात. त्यांच्या महिंद्रांवर स्नॉर्केल-विंचचा थाट नसतो. ओढ्यात कुठे दगड पक्के आहेत, कुठे वाळू सरकली आहे, ते त्यांना कालच्या फेरीवरून ठाऊक असते. पहिला गिअर, एकसारखा वेग, मधे क्लच दाबायचा नाही. आणि पावसाळ्यात ही वाट बंद असते, ती उघडी करून घेण्याची हौस कुणी करत नाही. हेच कसब शिकवणारी महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी इगतपुरीला आहे. मला विचाराल तर लिफ्ट किटचे पैसे आधी तिथे खर्च करावेत.

विंच म्हणजे रुबाब, हे खरे. पण विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते; वर जितके थर, तितकी ओढ कमी. विंच निवडताना गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट हा रूढ हिशेब. ओढायला समोर काहीतरी भक्कम लागते, आणि उघड्या माळावर तेच नसते. कॉफीच्या मळ्यात सिल्व्हर ओक असतात, त्यांना रुंद पट्टा न बांधता थेट तारेचा दोर घातला तर साल कापली जाते आणि मळेवाला पुढच्या वेळी फाटक उघडत नाही. ताणलेला स्टीलचा दोर तुटला तर चाबकासारखा फिरतो, म्हणून त्यावर जाड जॅकेट किंवा गोणपाट टाकायचे आणि माणसे दोराच्या लांबीपेक्षा दूर उभी करायची. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवून झटका देणे ही तर जिवाशी गाठ. तो गोळा निखळला की तोफगोळाच.

राहिला कायदा, आणि इथे समजुतींचा कहर आहे. ‘दुकानात उघड विकतात, बिल देतात, म्हणजे चालते.’ मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ म्हणते की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले: अनधिकृत बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०२२ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने एका थार मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर त्याला सोडले, आणि गाडी आरसीप्रमाणे पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सुट्या भागाला प्रमाणपत्र असणे आणि तो भाग बसवलेल्या तुमच्या गाडीला मान्यता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले. कारण सौंदर्याचे नव्हते. गाडीचे नाक अपघातात चुरगळण्यासाठी आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्का कळण्यासाठी बनवलेले असते. मधे लोखंडी चौकट आली की ते वेळापत्रक बिघडते, आणि पायी चालणाऱ्याचे तर हाडच मोडते. डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांवर कर्नाटक पोलिसांनी जुलै २०२४ पासून खास मोहीम काढली. विम्याचेही तेच: कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा मुद्दा होतो. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसणे हा गाडी मूळ रूपात असली तरी गुन्हाच.

मग सुरुवात कशाने करावी? हवेचे गेज, १२ व्होल्टचा पंप, ओढायचा लवचीक दोर, दोन शॅकल, फावडे. आणि सोबतीला दुसरी गाडी. पंप विसरू नये, कारण चिखलातून वर येऊन डांबर लागले की पहिले काम टायर पुन्हा भरण्याचे. कमी हवेवर महामार्गाचा वेग धरला तर टायरची भिंत तापत जाते आणि टायर फुटतो.