मोठ्या तोंडाचं चुंबक

कॅनबेराला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीची अ‍ॅक्सिलरेटर प्रयोगशाळा पाहून नातू क्रेगीबर्नला परतला आणि त्याने विचारलं, "आजी, तिथलं चुंबक एवढं मोठं कशाला?"

मी नर्स, फिजिक्सवाली नव्हे. पण किरणोत्सर्गी औषधं हाताळताना एक गोष्ट पक्की शिकले : हा माल थांबत नाही. स्कॅनसाठीचं टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं. पेशंट उशिरा आला की डोस वाया.

कॅनबेरात लिथियम-७ चे कण बेरिलियमवर आदळवून लिथियम-८ बनवतात. ते एका सेकंदाच्या आतच निम्मं होतं. तिथलं ६.५ टेस्लाचं चुंबक हे विखुरलेले कण गोळा करून पुढे पाठवतं. इस्पितळातला एमआरआय साधारण १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो, यावरून ताकद ओळखा.

पुढचं काम स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे टकरीनंतर काय उरलं ते ओळखण्याचं. फ्रान्समधल्या गॅनील प्रयोगशाळेत 'वामोस' नावाचा असा मोठा स्पेक्ट्रोमीटर आहे. (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून गेलेले अलहारी नवीन २०१६ मध्ये याच गॅनीलचे संचालक झाले.) चुंबकातून जाताना कणाची वाट वळते. वेग आणि वस्तुमान जास्त तर कमी वळण, विद्युतभार जास्त तर जास्त वळण. शेवटी कण कुठे पडला, किती वेळात आला, किती ऊर्जा घेऊन आला हे मोजलं की त्याची ओळख पटते.

मग तोंड मोठं कशाला? नेहमीच्या झोतात दर सेकंदाला अब्जावधी कण असतात. किरणोत्सर्गी झोतात कधी काही हजार, कधी लाख. टकरीनंतर ते वाट्टेल त्या दिशेने उडतात. मासळी थोडी असली तर जाळं रुंद हवं, नाहीतर प्रयोगाचे दिवस संपतात आणि हाती काहीच लागत नाही.

पण रुंद जाळ्याची किंमतही असते. मधून जाणाऱ्या कणाची वाट सरळ हिशोबाची, कडेने जाणाऱ्याची विस्कटलेली. म्हणून प्रत्येक कणाची जागा आणि कोन मोजून कॉम्प्युटर त्याची वाट उलटी शोधून काढतो. चुंबकाची कसर गणिताने भरून निघते.

किरणोत्सर्गी म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. इथे काळजी उलटीच : हातात येण्याआधी ते संपू नये. फुटणाऱ्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं कशी बनतात, हे अशाच अल्पायुषी अणुकेंद्रांवरून कळतं.

नातवाला मी एवढंच म्हटलं, "अरे, डोस मोजकाच आहे. थेंब सांडून कसं चालेल?"