ब्रेक लावायला शिकवणारा व्यायाम

हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001च्या सुमारास नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. 'झुंड' चित्रपटाने ते घराघरांत पोचवलं. अशा मैदानावर जिम नसते. म्हणूनच इथे सांगायचा व्यायाम कामाचा, कारण त्याला फक्त एक जोडीदार लागतो.

वेगात धावताना पाय पुढे झेपावतो तेव्हा मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, लांबत असतानाच जोर लावून त्या पायाला आवरतो. गाडीच्या ब्रेकचंच काम. बहुतेकदा तो फाटतो तो याच क्षणी. तेव्हा सरावही लांबत्या अवस्थेतच हवा. यालाच एक्सेंट्रिक व्यायाम म्हणतात. बैठक मारताना हळूहळू खाली जाणं हाही त्यातलाच प्रकार. आपली मुलं मात्र धपकन खाली जातात आणि निम्मा फायदा गमावतात.

हॅमस्ट्रिंगसाठी 'नॉर्डिक' प्रकार नावाजलेला आहे. गुडघे टेकायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कमरेत न वाकता शरीर सावकाश पुढे झुकवायचं आणि तोल सुटला की हातांवर झेलायचं. फिफाच्या '11+' वॉर्मअपमध्येही तो आहे. नवख्यांसाठी 3 ते 5 वेळाच. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत या व्यायामामुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं.

सुरुवातीला मांड्या दोन-तीन दिवस चांगल्याच ठणकतात, त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी हा प्रयोग नको. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.